तीन तंबू आणि आईचा प्रश्न

भंडारदऱ्याजवळच्या आमच्या वरकस जमिनीवर तीन तंबू उभे केले. आईने पहिल्याच दिवशी विचारलं, "लोक पैसे देऊन तंबूत झोपणार?"

तंबू सोपे होते. घाम फोडला तो संडासाने. फ्लश नाही, दोन खड्डे आळीपाळीने, आणि दर वेळी वर डबाभर लाकडाचा भुसा. भुसा पडला की वास येत नाही, हे आईला पटायला महिना गेला. पहिल्याच वळवाने एका तंबूखालची माती वाहून नेली, म्हणून आता दोन फूट उंच लाकडी ओटे. सिमेंट कुठेच नाही.

बाहेर दिवे मुद्दाम लावले नाहीत. मेअखेरीस हिरड्या-बेहड्यांवर काजवे लखलखतात. उजेडात त्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत. पाहुणे कुरकुरतात. कुरकुरू देत! आई त्यांना कंदील देते, तोही लाल कागद गुंडाळून.