कात्रीने कापलेली फोडशी

कळलावी या विषारी वेलीच्या पानाचं टोक शेपटीसारखं वळतं आणि शेजारच्या काटकीला धरून ती वर चढते, हे मला माहीत होतं. गेली सहा वर्षं दर पावसाळ्यात मी लोकांना बांधावर उभं करून हेच सांगतेय. त्यामुळे जुलैतल्या त्या रविवारी जे झालं ते माहिती नव्हती म्हणून झालं असं मला म्हणताच येत नाही, आणि तीच गोष्ट मला झोपू देत नाहीये. लिहून काढते म्हणजे निदान एका जागी राहील.

मी मुरबाड तालुक्यात, माळशेजच्या रस्त्याला आत एका गावात साबण बनवते. त्याआधी नऊ वर्षं अंबरनाथला एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये क्वालिटी कंट्रोलला होते. साबणावर घर चालतं म्हणायचं तर चालतं, पण पावसाळ्यात ओढाताण होते, हवेत एवढा दमटपणा असतो की वड्यांना घाम सुटतो, रॅकवर ठेवलेल्या वडीवर सकाळी दवासारखे थेंब. ते साबणातलं ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं म्हणून येतात, साबण खराब झालेला नसतो, पण दुकानदाराला ते पटत नाही. मग जून ते ऑगस्ट आम्ही एक दिवसाची शिबिरं घेतो. सकाळी रानभाज्या ओळखायच्या आणि काढायच्या, दुपारी तीच भाजी जेवायची, मग साबण. रानातलं सगळं गावातल्या एक ठाकर मावशी बघतात, साबण मी, आणि बुकिंग माझा एक मित्र बघतो. बारा माणसांपेक्षा जास्त घ्यायची नाहीत असं आमचं ठरलेलं असताना त्याने सोळा घेतली होती. चार माणसांनी काय फरक पडतो असं त्याला दर वेळी वाटतं. रानात सोळा माणसं म्हणजे चार टोळक्या होतात आणि मावशी एकच असतात.

शेवळं तोपर्यंत संपली होती, ती पहिल्या पावसाची. टाकळा जून व्हायला लागलेला. त्या आठवड्यात जोरात होती ती फोडशी, आमच्याकडे कुलूही म्हणतात. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, लांबट गवतासारखी पानं, मधे खोलगट, कडा जराशा लाटेसारख्या, आणि सगळी पानं थेट जमिनीतून येतात. वर खोड म्हणून काही नसतं. खाली बुंध्याशी ती पांढरी असतात आणि त्या पांढऱ्या भागात एक चिवट दोरा असतो तो काढून टाकावा लागतो, नाहीतर भाजी दाताखाली येते. बुंध्यात माती अडकून बसते म्हणून तीन-चार पाणी धुवायची. कांदा, लसूण, हिरवी मिरची, भिजवलेली मुगाची डाळ, बास. बेसनात कालवून भजीपण मस्त होतात.

आता कात्रीचं. दोन वर्षांपूर्वी मला वाटायला लागलं की शहरातून येणारी माणसं फोडशी उपटतात, कंद वर येतो, झाड जातं. हे खरंच होत होतं, मी पाहिलंय, एका शिबिरानंतर पूर्ण उताराचा भाग खणल्यासारखा दिसत होता. म्हणून मी नियम केला की उपटायचं नाही, जमिनीपासून चार बोटं वर पानं कापायची, आणि सगळ्यांना किटमध्ये एकेक छोटी कात्री द्यायला लागले. लोकांना ते फार आवडलं. मावशींना पहिल्या दिवसापासून आवडलं नाही. "कात्रीनं काय भाजी काढत्यात का बाय," एवढंच म्हणाल्या होत्या, आणि मी समजले की सवयीचं नाही म्हणून बोलतायत. मी त्यांना का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, त्या काही लपवून ठेवणाऱ्यातल्या नाहीत.

त्या दिवशी साडेआठला निघालो, पाऊस धरून होता, अकराला परत. मी शेडच्या दारात प्रत्येकाची पिशवी तपासते, हा माझा नियम, तपासल्याशिवाय एकही पान मोरीवर जात नाही. सोळाच्या सोळा पिशव्या मी तपासल्या. हात घालून, वरखाली करून. सगळी हिरवी लांब पानं, ओली, एकमेकांना चिकटलेली. मी सगळ्या पास केल्या.

मग मी साबणाच्या टेबलाकडे गेले कारण साबणासाठीचं कॉस्टिक सोड्याचं पाणी निवायला वेळ लागतो, ते आधी करून ठेवावं लागतं. इथे मी जरा सविस्तर लिहिते कारण पुढच्या गोष्टीशी त्याचा संबंध आहे. एक किलो तेलाची बॅच, खोबरेल ४०० ग्रॅम, मोहाच्या बियांचं तेल ४००, करंज १००, एरंडेल १००. प्रत्येक तेलाला किती कॉस्टिक सोडा लागतो त्याचा आकडा वेगळा असतो, खोबरेलाला ग्रॅममागे ०.१८३, एरंडेलाला ०.१२८, करंजाला मी ०.१३३ धरते आणि मोहाला ०.१३६. गुणाकार करून बेरीज १५३.७ येते, त्यातून पाच टक्के कमी, म्हणजे थोडं तेल साबणात मोकळं राहतं आणि कातडीला ओढ लागत नाही. १४६ ग्रॅम. मी तो सोडा दोन वेगवेगळ्या काट्यांवर मोजते. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यात कधीच नाही, एकदम उसळतं. पाणी बघता बघता ऐंशीच्या वर तापतं आणि वाफ नाकात गेली तर घसा धरतो, म्हणून मी ते दाराबाहेर वळचणीला करते, गॉगल, ग्लोव्हज, लांब बाह्या.

हे चालू असताना एक बाई लांब उभ्या होत्या, त्यांच्याबरोबर सहा वर्षांचा मुलगा. त्यांना कॉस्टिक सोडा बघूनच धक्का बसला होता, म्हणाल्या नॅचरल साबणात हे केमिकल कसं काय. हा प्रश्न मला दर शिबिरात येतो आणि दर वेळी मी शांतपणे सांगते की सोड्याशिवाय साबण होतच नाही, तेल आणि सोडा मिळून साबण आणि ग्लिसरीन तयार होतं आणि नीट मोजलं तर शेवटी सोडा उरत नाही. आणि जे कोणी घरगुती साबणाचा पीएच ५.५ आहे म्हणून विकतात ते चुकीचं सांगतात, असा साबण नऊ-दहाच्याच आसपास असतो. लोकांना केमिकल-फ्री हा शब्द एवढा शिकवला गेलाय की बाटलीवर नाव असलेल्या वस्तूला ती घाबरतात आणि पिशवीतल्या हिरव्या पाल्याला नाही. त्या बाईंचा काही दोष नव्हता. त्यांनी मुलाला टेबलापासून दहा फूट लांब धरलं होतं, आणि त्यांच्या दुसऱ्या हातात भाजीची पिशवी होती जी मी अर्ध्या तासापूर्वी पास केली होती.

मुलाला येताना गाडी लागली होती, तो कंटाळला, म्हणून त्या जेवायला न थांबता बाराला निघाल्या. पिशवी घेऊन.

पाऊण वाजायला आला होता. मावशी मोरीवर भाजी निवडत होत्या, मोठं टोपलं, चार-साडेचार किलो असेल. बुंधेच नाहीत तर दोरा कुठून काढणार, म्हणून त्या नुसती पानं हातावर घेऊन बोटातून सरकवत होत्या. आणि थांबल्या. मला हाक मारली नाही, स्वतः उठून वळचणीला आल्या, मुठीत काहीतरी धरून.

"ह्यो पाला कोनी काढला?"

एक बोटभर दांडीचा तुकडा होता आणि त्याला दोन पानं. एवढंच. पण फोडशीला दांडी नसते. दांडी आहे म्हणजे फोडशी नाही, एवढं कळायला कुठलं पुस्तक लागत नाही. पानं गुळगुळीत, चपटी, मधे खोलगट नाहीत. टोकाला तणावा, म्हणजे ते वळलेलं शेपूट, नव्हता. कळलावी जमिनीतून नुकती वर आलेली असते तेव्हा खालच्या पानांना तणावे नसतात, ते वरच्या पानांना येतात. हे मी वाचलेलं होतं. मी लोकांना सांगताना मात्र फक्त वळलेलं टोक सांगत होते कारण ते दाखवायला सोपं आणि फोटोत छान येतं.

"कळलावी हाय. आमी घरात बी नेत नाय," मावशी म्हणाल्या. घरात आणली की भांडणं लागतात असं त्यांच्यात मानतात. गणपतीत दादरच्या बाजारात हिचीच लाल-पिवळी फुलं विकायला असतात, लोक हौसेने घरी नेतात. पण मला त्या क्षणी आठवली ती लॅब. कळलावीत कोल्चिसिन असतं, कंदात आणि बियांत जास्त, पण झाड सगळंच विषारी. गाऊटच्या पेशंटला ते औषध म्हणून देतात, गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची. जी वस्तू आम्ही मिलिग्रॅममध्ये मोजायचो. खाल्ल्यावर लगेच काही होत नाही, काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, लोकांना वाटतं पोट बिघडलं, आणि खरं नुकसान पुढच्या दिवसांत एकेका अवयवाचं होत जातं. सहज मिळेल असा उतारा त्याच्यावर नाही.

टोपल्यातून अजून सात पानं निघाली. सगळी कात्रीने स्वच्छ कापलेली.

मित्र म्हणाला ती आठ-नऊ पानं काढून टाकू आणि बाकीची निवडून शिजवू, लोकांनी पैसे भरलेत. दोन-तीन जणांनी मान डोलावली. मी टोपलं उचललं आणि मागे खड्ड्यात उपडं केलं, वर माती ओढली. त्याच्याशी मी तेव्हा फार वाईट आवाजात बोलले. अजून तो माझ्याशी जरा तोडूनच बोलतो, पण त्या बाबतीत मला पश्चात्ताप नाही. सुदैवाने भजी तळायला घेतली नव्हती. कोणाच्या तोंडात एक पानही गेलं नव्हतं, मी एकेकाला विचारलं, दोनदा.

मग कोणीतरी म्हणालं, त्या लहान मुलाच्या आई कुठायत, त्या आणि आम्ही एकाच बांधावर कापत होतो.

फोन लावला, नॉट रिचेबल. परत लावला. आमच्याकडे रेंज शाळेच्या मागच्या टेकाडावर येते. सोड्याचं पाणी उघड्यावर ठेवून जाता येत नाही, म्हणून त्याच्यावर झाकण ठेवून मित्राला तिथे उभं केलं, कोणाला जवळ येऊ देऊ नको म्हणून, आणि पावसात टेकाडावर गेले. मेसेज केला, "भाजी शिजवू नका, कोणी चाखू नका, आधी फोन करा". एकच टिक. ओळखीच्या डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले कोणी खाल्लं असेल तर त्रास व्हायची वाट बघू नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलला न्या आणि पाला बरोबर न्या. मी तो दांडीचा तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवला होता. एक वाजून दहा ते दोन चाळीस मी तिथे उभी होते. किती वेळा फोन लावला ते मोजलं नाही. मुरबाड ते बदलापूर गाडीने फार तर तासभर, म्हणजे त्या घरी पोचल्या असणार, आणि आल्याआल्या कोणी भाजी फोडणीला टाकली असेल तर? मुलाला भूक लागली असेल तर?

दोन चाळीसला त्यांचा फोन आला. फोन बंद पडला होता, घरी येऊन चार्जिंगला लावला. सासूबाई स्वयंपाकघरात तीच भाजी चिरत होत्या. मी ओरडलेच. मागून सासूबाईंचा आवाज ऐकू आला, "अगं पण मी लहानपणापासून खाल्लीय फोडशी, मला कळत नाही का?" त्यांना नक्कीच कळत असणार. पण बुंधा नसलेलं, बारीक चिरलेलं पान कोणाला ओळखू येणार. मी फोटो मागितला तोपर्यंत त्यांनी घाबरून सगळं कचऱ्याच्या पिशवीत बांधून खाली टाकलं होतं, हात धुतले होते. त्यात कळलावी होती की नव्हती हे आता कधीच कळणार नाही. मला ते कळायला हवं होतं असं अजूनही वाटतं. का, ते सांगता येत नाही.

साबण त्या दिवशी केला. लोक थांबले होते, डाळ-भात खाऊन. माझे हात कापत होते म्हणून सोडा ओतायचं काम मी एका शांत मुलीला दिलं आणि बाजूला उभी राहिले. मोहाचं तेल नेहमीसारखं लवकर ट्रेसला आलं, म्हणजे दाट झालं, कस्टर्डसारखं, साच्यात छान बसलं. ती बॅच रॅकवर आहे, अजून घाम सुटतोय.

पुढच्या बुधवारी मी मावशींबरोबर एकटीच रानात गेले आणि जे दोन वर्षांपूर्वी विचारायचं होतं ते विचारलं. त्यांनी खाली बसून दाखवलं. बुंध्याशी मूठ जमिनीला टेकवून धरायची, किंचित पीळ द्यायचा आणि वर ओढायचं. पांढरा बुंधा दोऱ्यासकट हातात येतो, कंद मातीतच राहतो. पुढच्या वर्षी परत पानं येतात. त्यांच्या आईने हेच केलं, त्यांनी पन्नास वर्षं त्याच उतारावर हेच केलं, उतार अजून भरलेला आहे. झाड मरत होतं ते ओढण्याने नाही, ओढता न येण्याने. आणि हातात पांढरं आलं तर फोडशी, नाही आलं तर टाकून द्यायचं. पान बघायचंच नाही, त्या म्हणाल्या, पान फसवतं. मी वीस-पंचवीस झाडं काढली तेव्हा कुठे पीळ जमला, पहिल्या सात-आठ कंदांसकट वर आल्या. त्या मावशींनी परत मातीत खोचल्या.

कात्र्या मी किटमधून काढल्यात. पुढच्या शिबिराची बारा नावं आलीयत, मित्र परत सोळा म्हणतोय. त्या बाईंचाही मेसेज आला, परत येऊ का, मुलगा विचारतोय. मी अजून उत्तर दिलेलं नाही.

ज्या बांधावर त्या कापत होत्या तिथे आता रोज जाते. ऑगस्ट लागलाय. कुडाच्या आधाराने चार कळलाव्या माझ्या डोक्याच्या वर गेल्यात, प्रत्येक पानाला तणावा, आणि दोघींना फुलं आलीयत. त्या दिवशी तिथे उभं राहून मी सोळा जणांना कळलावी कशी ओळखायची ते सांगितलं होतं आणि म्हणाले होते, इथे आत्ता एकही नाहीये दाखवायला.