आमचं पार्किंग रिकामं का असतं

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसा हा प्रश्न नवा नाही. लग्नात, हळदीकुंकवाला आणि सगळ्यात जास्त सोसायटीच्या मीटिंगला तो येतोच: "दोघं कमावता, मग गाडी कशी नाही तुमच्याकडे?" सोसायटीतल्यांचं कुतूहल अगदीच निःस्वार्थी नसतं म्हणा. आमच्या फ्लॅटच्या नावाचं एक पार्किंग आहे, खांबावर पिवळ्या रंगात नंबर घातलेलं, आणि ते रिकामं असतं. दुसरी गाडी घेतलेले शेजारी त्या जागेकडे ज्या नजरेने बघतात, ती मी एरवी फक्त गावाकडे जमिनीच्या वाटणीच्या वेळी पाहिली आहे.

गाडी नाही म्हटल्यावर लोकांना वाटतं, यामागे काहीतरी तत्त्व असणार. पर्यावरण, साधी राहणी, असलं काही. माझ्या एका मावससासूबाईंना तर आमच्या डोक्यावर कर्ज आहे अशी दाट शंका आहे. तत्त्वही नाही आणि कर्जही नाही. घर पुण्यात, कोथरूडला आहे, वनाज मेट्रो स्थानकापर्यंत चालत जाता येतं, एवढंच कारण आहे. घर घेतलं तेव्हा मेट्रो नव्हती. कोथरूड डेपो जवळ, बस सुटते तिथेच चढायचं म्हणजे बसायला जागा मिळते, हा हिशेब होता. त्या हिशेबापायी दोन खोल्या कमी घेतल्या. तेवढ्याच पैशांत शहराच्या कडेला, उंड्रीला किंवा वाघोलीला, ऐसपैस घर आलं असतं, आणि ते घेतलं असतं तर दारात आज एक चारचाकी आणि दोन स्कूटर उभ्या असत्या. माणसं आम्ही हीच.

माझं ऑफिस पिंपरीत. वनाजला चढायचं, जिल्हा न्यायालयाला उतरून गाडी बदलायची. वनाजहून रामवाडीला जाणारी मार्गिका तिथे वरून जाते, पिंपरीची जमिनीच्या पोटातून, त्यामुळे मधे एकामागून एक सरकते जिने. सकाळच्या गर्दीत ते बघण्यासारखे असतात: उभ्या राहणाऱ्यांच्या शेजारून घाईवाले दणादणा उतरत असतात, कुणाच्या पाठीवरची सॅक कुणाच्या डब्याला लागते, एखादे आजोबा पहिल्या पायरीशी थबकून मागे रांग लावतात. खाली पोचेस्तोवर गाडी सुटली तर कुणी चुकचुकत नाही, पुढची येणार असते. मला मेट्रोचं वेळापत्रक पाठ नाही. कॉलेजात असताना बसचं मात्र तोंडपाठ होतं, कारण एक चुकली की पहिला तास गेलाच. वेळापत्रक बघावं लागतं तिथे माणूस आज ना उद्या गाडी घेतोच. एसी, सीसीटीव्ही, स्थानकाच्या भिंतीवरची चित्रं यांचं कौतुक नंतर. पाच-दहा मिनिटांत दुसरी येणार ही खात्री असेल तर लोक उभ्यानेही जातात.

पैशांचंही विचारता म्हणून सांगते. मेट्रोचं तिकीट दहापासून पस्तीस रुपयांपर्यंत. बसची भाडी मात्र जून २०२५ मध्ये वाढली: चाळीसचा दिवसाचा पास सत्तरला गेला, महिन्याचा नऊशेचा पंधराशेला. अकरा वर्षांनी वाढवली, तोटा फार आहे, असं सांगितलं गेलं, आणि तोटा खोटा नाही. पण तोट्याचा हिशेब फक्त बसचाच का मांडायचा? रस्त्याच्या कडेला दिवसभर फुकट उभी असलेली मोटारही शहराची जागा खातेच की. महापालिकेने २०१८ मध्ये पैसे देऊन पार्किंगचं धोरण आणलं, तर त्यावर केवढा गदारोळ झाला! ठरलेल्या रस्त्यांवरही ते मार्गी लागलं नाही. धुणीभांडी करून महिन्याचा पास काढणाऱ्या बाईने सहाशे रुपये जास्त मोजले, आणि मोटारवाल्यांना वीस रुपये द्यायचे तर अन्याय वाटला. हे मला पटत नाही, आणि सोसायटीत बोलून दाखवलं की दोन दिवस माझ्याशी कुणी नीट बोलत नाही.

गाडीच्या शहरात एक गोष्ट घडते, ती गाडीवाल्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ज्याला चालवता येत नाही तो कायम कुणाच्या तरी मागे बसलेला असतो. "सोडशील का?", "न्यायला येतोस ना?" पुण्यातल्या घराघरांत दिवसाकाठी ही वाक्यं किती वेळा बोलली जात असतील! क्लासला मुलांना सोडा, दवाखान्यात आईला न्या, बहिणीला स्टेशनवरून आणा. माझ्या सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढच्या. बसची पायरी उंच आणि गुडघे अधू, त्यामुळे कित्येक वर्षं त्यांचं मंडईला जाणं माझ्या नवऱ्याच्या रविवारवर अवलंबून होतं. आणि रविवार कसले, तो पेपर संपवून उठेपर्यंत अकरा वाजायचे. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली आणि मंडईला स्थानक आलं. पहिल्यांदा मी बरोबर गेले. दुसऱ्यांदा त्यांनी मला विचारलंच नाही. आंबेहळद, लोणच्याच्या मिरच्या आणि उगाचच एक पितळी पळी घेऊन परत आल्या, आणि पळी कितीला पडली हे आजतागायत सांगितलेलं नाही. आता बुधवारी-गुरुवारी, गर्दी नसताना, त्यांच्या त्या जातात. लिफ्ट आहे, पायरी नाही, आणि कुणाला "सोडशील का" म्हणायचं नाही.

आता दुसरी बाजू. माझा दादा उंड्रीला राहतो. २०१७ मध्ये जी अकरा गावं महापालिकेत आली त्यांतलं ते एक. इमारती आधी आल्या, रस्ते मागून येताहेत, आणि फुटपाथ अजून कुठे वाटेतच असावेत. फाटकापासून बस जाते त्या रस्त्यापर्यंत चालायचं तर एका बाजूला डंपर आणि दुसऱ्या बाजूला उघडं गटार. संध्याकाळी वहिनी त्या रस्त्याने मुलीला घेऊन चालत जाईल? मी तरी जाणार नाही. त्यांच्याकडे दोन स्कूटर आहेत, एक मोटार आहे, आणि हप्ते आहेत. दादाला मी कधीही "मेट्रोने ये ना" म्हटलेलं नाही. म्हणायला तोंड नाही. गाडी न घेण्याची चैन मला कोथरूडच्या पत्त्यामुळे परवडते.

शहराने काही केलंच नाही असंही नाही. बसला स्वतंत्र मार्गिका द्यायची बीआरटी देशात पहिल्यांदा पुण्यातच आली, २००६ मध्ये, कात्रज ते हडपसर. कल्पना उत्तम होती. पण मार्गिका सलग नव्हती, जिथे होती तिथे दुचाकी घुसायच्या, आणि बस रिकाम्या मार्गिकेतून सुसाट गेली की शेजारी अडकलेले मोटारवाले म्हणायचे, बघा, एवढा रस्ता वाया! अहो, रिकामी दिसते ती चालते म्हणूनच. पुढे नगर रस्त्यावरही बीआरटी केली, आणि तिचा बराचसा भाग कोंडीचं कारण देऊन उखडून टाकला. विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल गाड्यांसाठी बांधले होते, ते पंधरा-एक वर्षांतच, २०२० मध्ये पाडले. आता तिथे दुमजली पूल आहे, मोटारी खालच्या मजल्यावर आणि हिंजवडीच्या मेट्रोचा मार्ग वरच्या. पूल बांधून कोंडी सुटते यावर या शहराची श्रद्धा अढळ आहे. बसच्या बाबतीत मात्र आपण पहिल्याच वर्षी निकाल मागतो.

आम्ही रिक्षाने जातच नाही असं समजू नका. जातो. जुलैच्या पावसात, रात्री उशिरा नाटकाहून परतताना, सामान असेल तेव्हा. कोकणात जायचं तर भाड्याने गाडी घेतो. हे सगळं धरूनही गाडीचा हप्ता, विमा, सर्व्हिसिंग आणि पेट्रोल यांच्या पुष्कळ खाली राहतो, आणि उरलेल्यातून नवरा फिरायला जायचं म्हणतो, जे दर वर्षी पुढच्या वर्षावर जातं.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, की लेक अठराची झाल्यावर काय करणार. तिला बावधनच्या पलीकडचं एक कॉलेज हवं आहे. त्याच बाजूला जाणाऱ्या वनाज ते चांदणी चौक या मेट्रोच्या विस्ताराला २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे, पण काम होऊन गाडी धावेपर्यंत तिची डिग्री हातात आलेली असेल. तिकडे प्रवेश मिळाला तर स्कूटर घ्यावी लागेल, आणि मी आडवी येणार नाही. हेल्मेटचा रंग तिने निवडूनही ठेवला आहे. पार्किंगवर डोळा असलेल्यांना एवढंच सांगा की स्कूटर लावूनही तिथे बरीच जागा उरेल, पण ती भाड्याने द्यायचा आमचा विचार नाही. संध्याकाळी तिथे पोरांचं क्रिकेट चालतं.