टिबुकली पाण्याखाली असताना

टिबुकली, म्हणजे बुड्या मारणारा पाणपक्षी, नागपूरच्या जवळपास प्रत्येक तळ्यात असते. लहानशी, तपकिरी, नजर ठरते न ठरते तोच गडप. हिवाळ्यात मात्र एखाद्या तळ्यावर तिची थोरली बहीण येऊन उतरते, शेंडीवाली मोठी टिबुकली. दर वर्षी येईलच असं नाही. आली तरी बहुधा एकटीदुकटी. पुस्तकातल्या चित्रात तिच्या गालांभोवती तांबूस झालर असते, पण ती विणीच्या दिवसांतली. आपल्याकडे येते तेव्हा झालर उतरलेली, शेंडीही आखडलेली. झालर शोधत बसणारे तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. लांब पांढरी मान, गुलाबीसर सुरीसारखी चोच आणि लाल डोळा, एवढी खूण पुरे.

ही सहसा उडून जात नाही. पाय शरीराच्या पार मागे, त्यामुळे हवेत उठायला पाण्यावर बरंच धावावं लागतं. तो खटाटोप टाळून ती बुडी मारते, आणि वर कुठे येईल ते तीच जाणे. म्हणून हिच्या फोटोचं निम्मं काम ती पाण्याखाली असताना उरकायचं. बुडी मारली की मनात आकडे मोजायला लागा. साधारण २० ते ३० सेकंद मिळतात. तीन-चार बुड्या मोजल्या की ठेका कळतो, ती कोणत्या बाजूला सरकतेय तेही. मग १५ पर्यंत वाकून पुढे सरकायचं आणि थिजायचं. ती वर आली तेव्हा आपण हलत असलो, तर मुसळ केरात. पुढची बुडी तळ्याच्या मध्याकडे.

पुढे सरकायचं कशाला, नंतर क्रॉप करू (फोटो कापून पक्षी मोठा करू), असं म्हणणारे असतात. फुल फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० मिमीची लेन्स ६० मीटरवर साडेपाच मीटर रुंदीचं पाणी टिपते. त्यात अर्ध्या मीटरचा पक्षी म्हणजे ठिपकाच. २० मीटरवर तोच चौकटीच्या रुंदीचा चौथा हिस्सा व्यापतो.

अंबाझरी आणि फुटाळा हे नागपुरातले तलाव, दोन्हींचा बांध पूर्वेला. सकाळी तिथे ऊन पाठीशी येतं. फुटाळ्याच्या चौपाटीवरून सूर्यास्त सुंदर दिसतो, याचाच अर्थ संध्याकाळी तिथून टिबुकली काळीठिक्कर दिसते. डिसेंबरात सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो. कामाचा उजेड सव्वासात ते नऊ. पुढे पाण्यावरची हवा थरथरू लागते, पिसं साबणात बुडवल्यासारखी येतात आणि शिव्या लेन्सला बसतात. तेव्हा खुशाल तर्री-पोहे खावेत.

पांढरी छाती हा दुसरा सापळा. गडद पाणी पाहून कॅमेरा सगळंच उजळवतो आणि छातीवरचं पीस न् पीस धुऊन निघतं. एक्स्पोजर (उजेडाची मात्रा) उणे ०.७ ठेवा. धुक्याच्या सकाळी नेमकं उलट, अधिक ०.७, नाहीतर धुकं राखेसारखं येतं. पोहणाऱ्या पक्ष्याला १/८०० सेकंदाचं शटर चालतं, पंख झाडताना १/२००० हवं. फोकस डोळ्यावर, एकाच बिंदूचा. बिंदूंचा पसारा ठेवला की तो जवळच्या लाटेलाच पकडतो.

बांधावरून फोटो वरून खाली पाहिल्यासारखा येतो, मागे नुसतं पाणी. लेन्स पाण्यालगत आणायची तर पारडगाव, सायकीसारखे उतरत्या काठाचे तलाव बरे. बेशरमाच्या झुडपांचा आडोसा आयता मिळतो. काळ्या चिखलात ट्रायपॉड खचतो, त्यापेक्षा तांदळाची किलो-दोन किलोची पिशवी लेन्सखाली घ्यावी. मासे धरणाऱ्या ढीवरांच्या हवा भरलेल्या ट्यूबची पाखरांना सवय असते, आपल्या पांढऱ्या शर्टाची नसते.

फिरायला आलेले एखादे काका हमखास विचारतात, "काय भाऊ, बदक आहे का ते?" प्रश्न बहुतेक ती पाण्याखाली असतानाच येतो. उत्तर १५ सेकंदांत आटपावं.