सतरा मेची मॉर्निंग ड्यूटी

‘कालनिर्णय’मध्ये लाल आकडा म्हणजे सुट्टी, हे डोक्यात लहानपणापासून पक्कं बसलेलं. ऑस्लोत कामाला लागले तेव्हा कळलं की नॉर्वेजियन भाषेतही सुट्टीच्या दिवसाला ‘लाल दिवस’च म्हणतात. फक्त आमच्या कामात लाल दिवसाच्या दोन जाती असतात. काहींना सुट्टी आणि काहींना जादा पगाराची ड्यूटी. मी ज्या सीकेयेममध्ये, म्हणजे परावलंबी म्हाताऱ्या माणसांच्या शुश्रूषागृहात काम करते, ते काही कुलूप लावून बंद ठेवता येत नाही.

17 मेला कोण कुठल्या जातीत, हे जानेवारीतच ठरतं. इथल्याच मातीतल्या बायका त्या दिवशी बुनाड, म्हणजे आपापल्या भागाचा पारंपरिक पोशाख घालून पोरांसोबत मिरवणुकीला जातात. त्यांना ‘कामावर ये’ म्हणणं म्हणजे चाकरमान्याला गणपतीत मुंबईतच राहा म्हणण्यासारखं. त्यामुळे त्या वर्षीची मॉर्निंग ड्यूटी अशी लागली होती: मिरजेत नर्सिंग शिकलेली मी, एक फिलिपिन्सची, एक एरिट्रियाचा तरुण आणि स्वयंपाकघरात जाफनाहून आलेले तमिळ काका. नॉर्वेचा राष्ट्रीय दिवस त्या मजल्यावर आम्ही चौघांनी साजरा करायचा होता.

मी स्वतःहून हो म्हटलं होतं. पैसे हवे होते, दुसरं काही कारण नाही. मार्चमध्ये मुलीच्या शाळेतून निरोप आला की यंदा पहिलीची मुलं मिरवणुकीत राजवाड्यासमोरून चालणार. तोवर ड्यूटी बदलून घ्यायला उशीर झाला होता. 17 मेची ड्यूटी कोण बदलून देणार? नवऱ्याला म्हटलं, तू जा, फोटो काढ, आणि तिला मफलर घाल.

या दिवसाची माझी सुरुवातच फजितीनं झाली होती. पहिल्या वर्षी बसस्टॉपवर एक अनोळखी बाई हसून ‘ग्रातुलेरेर मे दागेन’ म्हणाली. वाढदिवसालाही हेच म्हणतात, आणि मला तेवढंच शिकवलेलं. मी आपलं प्रामाणिकपणे सांगितलं, ‘माझा वाढदिवस सप्टेंबरमध्ये असतो.’ ती बस येईपर्यंत हसत होती.

आपल्याकडचे बरेचजण 17 मेला नॉर्वेचा स्वातंत्र्यदिन म्हणतात. तो तसा नाही. 17 मे 1814 ला आइड्सव्हॉल इथं राज्यघटना झाली, त्याचा हा दिवस. स्वीडनच्या जोडीतून देश मोकळा झाला तो थेट 1905 मध्ये. म्हणजे 15 ऑगस्टपेक्षा हे आपल्या 26 जानेवारीच्या जवळचं. पण राजपथावरचं संचलन पाहिलेल्या डोळ्यांना इथं चुकल्यासारखं होतं. रणगाडे नाहीत, क्षेपणास्त्रं नाहीत. शंभराहून जास्त शाळांची पोरं, त्यांची बँड पथकं, हातात कागदी झेंडे, आणि राजवाड्याच्या गच्चीवरून टोपी उंचावणारा राजा. मुलींना या मिरवणुकीत 1889 पासून घेतात. हे मी नवऱ्याला मुद्दाम सांगून ठेवलं होतं, आपल्या पोरीला मागच्या रांगेत उभं करू नये म्हणून.

तर सकाळी साडेसातला पोचले. वॉर्डच्या मुख्य नर्सनं फाइलमध्ये कागद ठेवला होता. आठ वाजता झेंडा. नऊला नाश्ता: अंडी, स्मोक्ड सामन मासा, स्ट्रॉबेरी. दहापासून टीव्ही. साडेअकराला शेजारच्या शाळेचा बँड अंगणात. सगळ्यांच्या छातीवर लाल-पांढऱ्या-निळ्या फिती. शेवटी जाड अक्षरात लिहिलं होतं: झेंडा जमिनीला टेकू देऊ नये.

झेंडा मी चढवला, कारण तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. एरिट्रियाचा मुलगा म्हणाला, ‘तुझं वय जास्त आहे.’ शाळेत असताना दर 15 ऑगस्टला आमचे पीटीचे सर आदल्या दिवशी झेंड्याच्या घडीत फुलांच्या पाकळ्या घालून ठेवायचे, आणि एका वर्षी गाठ सुटेना म्हणून प्रमुख पाहुणे पाच मिनिटं दोरी ओढत राहिले होते. ते आठवून मी आधी गाठच तपासली. इथं घडी नाही, पाकळ्या नाहीत. झेंडा सरळ उलगडून वर चढवायचा. मला ते जरा कोरडंच वाटलं. मग तमिळ काका स्वयंपाकघराच्या दारात ॲप्रन काढून, दोन्ही हात बाजूला घेऊन ताठ उभे राहिलेले दिसले, आणि मीही दोरी बांधून तशीच उभी राहिले. पाऊस भुरभुरत होता.

खरी परीक्षा त्यानंतर होती. सात नंबरच्या खोलीतल्या आजींना बुनाड घालायचा होता.

इथं नव्वदीच्या माणसालाही नुसत्या नावानं हाक मारायची, अहो-जाहो नाही. मला ते अजून जमत नाही. हाक नावानं मारते, पण मनात ‘आजी’ असतं, म्हणून इथंही तेच लिहिते. आजी हार्डांगर फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत आत शिरलेल्या खाडीच्या काठच्या, सफरचंदांच्या मुलखातल्या. स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेला. त्यात त्यांची बोली. मी वर्गात शिकले ती ऑस्लोची भाषा, आणि आजींची बोली पश्चिमेची. पुणेरी मराठी पुस्तकातून शिकलेल्या माणसाला कुणी मालवणला नेऊन सोडावं, तशी माझी गत व्हायची. त्यांच्या दहा शब्दांतले चार कळायचे.

त्यांच्या मुलीनं पेटी आदल्या दिवशी आणून ठेवली होती. काळा लोकरी घागरा, लाल चोळी, पांढरा सदरा, पांढऱ्या धाग्यानं जाळीकाम केलेला ॲप्रन, पट्टा, चांदीची पिन, आणि चोळीच्या उघड्या भागात छातीवर बसवायची मण्यांनी भरलेली पट्टी. असा एक पोशाख शिवून घ्यायला हजारो क्रोनर जातात. चांदीच्या पिनेला लटकणारे बारीक चमचे हलले की पैंजणासारखा आवाज येतो.

मी सदरा घातला, घागरा बांधला, चोळी चढवली. मग ती मण्यांची पट्टी घेतली आणि उलटी बसवली. आजींनी माझ्या मनगटावर चापट मारली. खरंच मारली. ज्या बाईला सकाळी चमचा कशासाठी असतो ते सांगावं लागतं, तिनं पट्टी माझ्या हातातून काढून घेतली, फिरवली, कडा चोळीच्या आत सरकवल्या आणि अंगठ्यानं दाबून बसवल्या. बोटं थरथरत होती, पण चुकत नव्हती. माझी आजी नऊवारीचा काष्टा घालायची तेव्हा तिची बोटं अशीच आपलीआपण चालायची. तोंडानं ती मला रागवत असायची, आणि हात मागे निऱ्या खोचत असायचे.

अडचण वेगळीच निघाली. चोळी ढगळ झाली होती. एका वर्षात आजी एवढ्या वाळल्या होत्या की चोळी अंगावर हँगरवर टांगल्यासारखी दिसत होती, आणि घागरा कमरेवरून घसरत होता. बुनाडच्या बाबतीत इथले लोक फार कडक. गॉगल घालू नये, चुकीचे बूट घालू नयेत, दुसऱ्या भागाचा पट्टा लावू नये. चुका काढत फिरणाऱ्यांना हे लोक थट्टेनं ‘बुनाड पोलीस’ म्हणतात. पण साडी नेसणाऱ्या बाईच्या पर्समध्ये काय असतं? मी पर्समधून सेफ्टी पिना काढल्या. चोळीला पाठीकडून चिमटे घेऊन चार आणि घागऱ्याला कमरेशी दोन. वरून ॲप्रनचा पट्टा. समोरून पाहणाऱ्याला काही म्हणता काही कळलं नसतं.

हे सगळं चालू असताना आजी एकच वाक्य पुन्हापुन्हा विचारत होत्या. सुरुवातीला हळू, मग घाबऱ्या आवाजात, दाराकडे पाहत. दोन-तीनदा ऐकल्यावर मला अर्थ लागला: ‘गेले का ते?’ त्यांच्या भाषेत ‘ते’ला लिंग नसतं. बाया, बाप्ये, पोरं, सगळ्यांना एकच शब्द. मला वाटलं, मिरवणुकीच्या पोरांबद्दल विचारतायत. माझ्या डोक्यात तर सकाळपासून माझी पोरगीच होती. नवऱ्याचा मेसेज येऊन गेला होता, ‘निघालो.’ मी म्हटलं, ‘हो, गेले. सगळे गेले.’

आजींनी माझा हात घट्ट धरला. परत विचारलं, ‘सगळे?’

‘सगळे,’ मी म्हटलं.

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की चांदीचे चमचे किणकिणले. त्यानंतर त्या वाक्य विसरून गेल्या.

दहा वाजता सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. कार्ल योहान्स गाते या मुख्य रस्त्यावरून शाळा एकामागोमाग येत होत्या, प्रत्येकीपुढे तिचं निशाण. मी फिलिपिन्सच्या मैत्रिणीला मुलीच्या शाळेचं नाव सांगितलं. तिनं ते सगळ्या म्हाताऱ्यांना सांगून टाकलं. मग काय, चौदा माणसं माझी पोरगी शोधायला लागली. आजी प्रत्येक दोन वेण्यांच्या मुलीकडे बोट दाखवून ‘ती बघ’ म्हणत होत्या. पिवळ्या केसांची असो की काळ्या केसांची, त्यांना फरक नव्हता. पाच नंबरचे आजोबा, जे एरवी कुणाशी बोलत नाहीत, त्यांनी मला बजावलं की खिडकी पुसायला जाऊ नकोस, तेवढ्यात निघून जाईल. शाळेचं निशाण आलं तेव्हा मी एका काकूंना इन्सुलिन देत होते. वळेपर्यंत पडद्यावर सॅक्सोफोन वाजवणारी मोठी पोरं होती. सगळे एका सुरात म्हणाले, ‘दिसली!’ कुणाला दिसली असेल देवाला ठाऊक.

साडेअकराचा बँड पावणेबाराला आला. पाऊस थांबला होता म्हणून व्हीलचेअरी अंगणात काढल्या. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. हे गीत आठ कडव्यांचं आहे. बहुतेक वेळा पहिलं आणि शेवटची दोन म्हणतात. मला पहिलंच येत होतं, एरिट्रियाच्या मुलाला अर्धं. आम्ही पहिलं कडवं रेटलं आणि पुढे नुसते ओठ हलवायच्या तयारीत होतो. पण आमची गरजच पडली नाही. नाव विसरलेले, बोलणं गेलेले, सगळे गात होते. आजींचा आवाज सगळ्यात वर, शेवटच्या कडव्यापर्यंत, एक शब्द न चुकता. नर्सिंगला आम्हाला शिकवलं होतं की स्मृतिभ्रंशात गाणी उशिरा जातात. त्याचा अर्थ मला मिरजेच्या वर्गात कळला नव्हता.

दुपारी दीडला आजींची मुलगी आली. स्वतःही तोच बुनाड, लाल चोळी, सत्तरीच्या आसपासची, चालून दमलेली. आईला पाहून म्हणाली, ‘कुणी घातला?’ मी शाळेतल्यासारखा हात वर केला. ती आजींच्या मागे गेली, वाकली, आणि तिला पिना दिसल्या. बराच वेळ काही बोलली नाही. मी मनात वाक्यं जुळवत होते: लोकरीला भोक पडलं नाही, पिना गंजक्या नाहीत.

‘पोलिसांना सांगत नाही,’ ती म्हणाली, आणि हसली. मग केक खाताना मी तिला मण्यांच्या पट्टीची गोष्ट सांगितली, चापट सांगितली. आजी पुन्हापुन्हा विचारत होत्या तेही सांगितलं: गेले का ते, आणि मी सांगितलं, हो, सगळे गेले, मुलं केव्हाच गेली.

तिनं काटा खाली ठेवला.

‘मुलं नव्हेत गं,’ ती म्हणाली. ‘जर्मन.’

युद्धात 1940 पासून पाच वर्षं जर्मनांचा अंमल होता आणि 17 मे साजरा करायला बंदी होती. झेंडा नाही, मिरवणूक नाही. 8 मे 1945 ला देश सुटला, आणि नऊ दिवसांनी 17 मे आला. आजी तेव्हा बारा वर्षांच्या. त्यांच्या आईनं तळघरातून बटाट्यांच्या पोत्यामागे दडवलेला झेंडा काढला आणि पोरीला स्वतःच्या आईचा बुनाड घालायला घेतला. तो मोठा होत होता म्हणून दोऱ्यानं टाचून बसवला. पोरगी घाबरलेली. दाराकडे बघत विचारत होती, गेले का ते? खरंच गेले का सगळे?

‘तुझ्या आजीनं तेव्हा काय सांगितलं होतं?’ मी विचारलं.

‘तू सांगितलंस तेच,’ ती म्हणाली. मग आपल्या आईच्या ओठांना लागलेली केकची साय पुसायला लागली.

तीनला ड्यूटी संपली. मेट्रोत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे बुनाड, सगळे दमलेले, कुणाच्या तरी आइस्क्रीमचा डाग माझ्या कोटाला. घरी आले तर पोरगी सोफ्यावर मफलरसकट झोपली होती, हातात कागदी झेंड्याची नुसती काडी. उठल्यावर तिचा पहिला प्रश्न, ‘टीव्हीवर दिसले का मी?’ मी म्हटलं, दिसलीस, चौदा जणांना. राजाला हात केलास का, असं विचारलं, तर म्हणे, केला, पण तेव्हा तो राणीशी बोलत होता.

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले तेव्हा ऑफिसच्या टेबलावर माझ्या नावाचं छोटं पाकीट होतं. आत कागदात गुंडाळलेल्या सेफ्टी पिना. मी सहा लावल्या होत्या. परत चार आल्या.