आमची वाटचाल: मागचं चाक आणि त्याचा पाना

आमचं दुकान मूळचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं. सोलापूरच्या पूर्व भागात गल्लोगल्ली मागांचा खडखडाट असायचा आणि वडिलांच्या काउंटरवर बेअरिंग, पट्टे, बोल्ट आणि पाने असा माल. जुन्या मागांचे बोल्ट इंची मापाचे, म्हणून पानेही सुतातले, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या मापाचे. तेव्हाच्या बुलेटलाही इंची मापच लागायचं. त्यामुळे माग दुरुस्त करणारा जॉबर आणि बुलेटचा मिस्त्री आमच्याकडे एकाच फळीवरून पाना उचलायचे.

1985 नंतर हे चित्र पालटलं. हीरो होंडाची सीडी 100 आली, यामाहाची आरएक्स 100 आली. या गाड्यांची मापं जपानी पद्धतीची, आणि आमचा पुढचा सगळा धंदा याच फरकावर उभा राहिला. 12 मिलिमीटर जाडीच्या बोल्टला जर्मन पद्धतीत 19 चा पाना लागतो, जपानी गाडीवर 17 चा. 10 च्या बोल्टला तिकडे 17, इकडे 14. 8 च्या बोल्टला तिकडे 13, इकडे 12. बोल्ट त्याच जाडीचा, डोकं मात्र लहान. पंपाचा किंवा ट्रॅक्टरचा पाना घेऊन माणूस मोटारसायकलपाशी बसला की पाना ढिला बसतो आणि नटाचे कोपरे गोल करून ठेवतो. वडिलांनी तेव्हा 12, 14 आणि 17 च्या पान्यांसाठी वेगळं कपाट केलं. पेठेतले गॅरेजवाले आमच्याकडे वळले ते त्या कपाटामुळे.

मागच्या चाकाचा विषय मात्र खेड्यांतून आला. मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोटकडून दुधाचे कॅन बांधून येणारी मंडळी आमची गिऱ्हाइकं. वेड्या बाभळीचा काटा ट्यूबमध्ये गेला की पंक्चरचं दुकान लांब, दूध नासायची घाई, आणि हातात गाडीसोबत आलेला वीतभर पत्र्याचा पाना. मागचा नट त्यानं हलत नाही. मग कोणी पान्याला पाइप जोडतो, कोणी छन्नी-हातोडा लावतो. असे मार खाल्लेले नट आमच्या काउंटरवर सारखे यायला लागले. नट स्वस्तात मिळतो, पण ॲक्सलचे, म्हणजे चाकाच्या मधून जाणाऱ्या आसाचे, आटे गेले की अख्खी ॲक्सल बदलावी लागते.

हिशेब सरळ आहे. नटाला मिळणारा पीळ म्हणजे हाताचा जोर गुणिले दांड्याची लांबी. 300 मिलिमीटरच्या दांड्यावर 25 किलोचा जोर दिला की सुमारे 74 न्यूटन-मीटर पीळ बसतो. 150 मिलिमीटरच्या पान्यावर तेवढ्याच पिळाला 50 किलोचा जोर हवा. रस्त्याकडेला उकिडवं बसून एवढा जोर द्यायला गेलं की पाना सटकतो आणि बोटं फुटतात. म्हणून आम्ही ठरवलं की या एका कामाचा संच आपण करायचा. चाळीस नगांची चकचकीत पेटी विकायची नाही. मागचं चाक काढायला आणि परत बसवायला लागतं तेवढंच द्यायचं, आणि तेही गाडीच्या मॉडेलप्रमाणे.

त्यासाठी आधी काम नीट उलगडावं लागलं. शंभर-सव्वाशे सीसीच्या ड्रम ब्रेकच्या अनेक गाड्यांत चेनच्या बाजूला एक मोठा स्लीव्ह नट असतो. तो चेन-स्प्रॉकेट जागेवर धरून ठेवतो. नुसतं पंक्चर असेल तर त्याला हात लावायचा नाही. हे न कळल्यामुळे किती जण चेन उतरवून बसतात! गाडी कडक जमिनीवर मेन स्टँडला घ्यायची, ब्रेक रॉडचा नट काढायचा, टॉर्क लिंकची, म्हणजे ब्रेकची प्लेट फिरू न देणाऱ्या पट्टीची, स्प्लिट पिन आणि बोल्ट काढायचा, मग ॲक्सलचा नट. ॲक्सल गंजून अडकली असेल तर नट पुन्हा टोकापर्यंत फिरवून ठेवायचा म्हणजे आटे वाचतात, आणि पितळी ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायची कांडी, लावून ठोकायचं. ॲक्सल निघाली की तिच्यावरची कॉलर, म्हणजे अंतर राखणारी नळी, खाली पडते. ती कोणत्या बाजूची, हे बघून ठेवायचं. मग चाक उजवीकडे ओढलं की ते कपलिंग रबरातून, म्हणजे चाक आणि स्प्रॉकेट यांच्यामधल्या रबरातून, सुटतं आणि गाडी डावीकडे कलती धरली की बाहेर येतं. बसवताना ब्रेकचा पायडल दाबून धरायचा आणि मग ॲक्सलचा नट आवळायचा, म्हणजे ब्रेक शू मधोमध बसतात. चेनची ढील बहुतेक लहान गाड्यांना 20 ते 30 मिलिमीटर, आणि दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या. स्प्लिट पिन दर वेळी नवी.

संचातल्या गोट्या, म्हणजे नटावर बसणारे सॉकेट, जालंधरहून मागवतो, क्रोम व्हॅनेडियम पोलादाच्या आणि सहा कोनीच. बारा कोनी गोटी नटाच्या कोपऱ्यांना धरते, सहा कोनी सपाट बाजूंवर दाब देते. गंजलेल्या नटावर हा फरक हाताला कळतो. दांडा आणि पितळी ड्रिफ्ट अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये बनतात. हे सगळं गुंडाळून सीटखाली बसेल अशी कॅनव्हासची वळकटी गणवेश शिवणाऱ्या एका युनिटमधल्या बायका शिवून देतात. सोलापुरात गणवेशाची शिलाई मोठी, त्यामुळे जाड कापडावर सफाईनं चालणारे हात इथे मिळतात. त्यांच्या शिलाईची वळकटी फाटून परत आलेली मला आठवत नाही.

ट्यूबलेस टायर आले तेव्हा संचाची विक्री घसरली. काटा लागला तरी चाक न काढता बाहेरून प्लग मारता येतो, मग रस्त्यावरच्या माणसाला संच कशाला? पण ब्रेक शू, कपलिंग रबर, बेअरिंग, चेन-स्प्रॉकेट, टायर बदलणं, या सगळ्याला चाक काढावंच लागतं. गिऱ्हाईक बदललं. दूधवाल्यांच्या जागी लहान गॅरेजवाले आले.

बऱ्याच नव्या गाड्यांना मेन स्टँडच नसतो. म्हणून आम्ही पाइप वाकवून, वेल्डिंग करून पॅडॉक स्टँड, म्हणजे मागचं चाक उचलून धरणारे सुटे स्टँड, बनवायला घेतले आणि आज शेडमधलं निम्मं काम त्याचंच आहे. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं. तेव्हापासून आमच्या पत्रकात दोन ओळी वाढल्या: डिस्क बाहेर असताना ब्रेकचा पायडल दाबायचा नाही, पॅडमध्ये पुठ्ठा घालून ठेवायचा, आणि एबीएसच्या रिंगला, सेन्सरला हातोड्याचा धक्का लागू द्यायचा नाही. हे पत्रक आम्ही मराठी, कन्नड आणि तेलुगू अशा तिन्ही भाषांत छापतो, चित्रांसह.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या पिळापर्यंतच नट आवळणारा पाना, महाग, म्हणून लहान गॅरेजवाले तो घेत नाहीत आणि नट अंदाजानं आवळतात. तो आता आम्ही दिवसाच्या भाड्यानं देतो. रविवारी सकाळी शेड उघडी असते. कोणीही आपली गाडी घेऊन यावं आणि स्वतःच्या हातानं चाक काढून बसवावं. हत्यारं आमची, शिकवायचे पैसे नाहीत. येताना गाडीचं मॅन्युअल तेवढं आणा, नट किती आवळायचा तो आकडा त्यात दिलेला असतो.