मॉर्फिनच्या गोळ्या आणि जिल्ह्याच्या रुग्णालयातील ती खिडकी : माझा अनुभव

माझ्या थोरल्या भावाला मेंदूची गाठ झाली. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, बायोप्सीत चौथ्या श्रेणीचा ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा वेगाने वाढणारा कर्करोग, निघाला आणि पुढे किरणोपचारही झाले. हा सारा टप्पा विशेष अडथळा न येता पार पडला, म्हणून त्याविषयी लिहीत नाही. लिहायचे आहे ते गाठ पुन्हा वाढल्यानंतरच्या काळाविषयी, जेव्हा डॉक्टरांनी आता ती काढता येणार नाही असे स्पष्ट सांगितले आणि दादाने यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी, स्वतःच्या घरी राहायचे ठरवले.

नागपूरच्या पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणाऱ्या, विभागाने आम्हाला घरच्या औषधांचा तक्ता करून दिला. गाठीभोवतीची सूज उतरावी म्हणून डेक्सामेथासोन आणि झटके (फिट) येऊ नयेत म्हणून लेव्हेटिरासिटाम ही त्यातील मुख्य औषधे होती, आणि बराच काळ त्यांच्यावर दादाचे डोके शांत राहिले. पुढे मात्र डोकेदुखी डेक्सामेथासोनला जुमानेनाशी झाली, लुळ्या पडलेल्या डाव्या बाजूचा खांदाही ठणकू लागला, आणि डॉक्टरांनी मॉर्फिन या अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनाशामकाची लहान मात्रा दर चार तासांनी द्यायला सांगितली. पहिल्या गोळ्या तिथूनच मिळाल्या. नागपूर दूर पडते म्हणून पुढच्या गोळ्या जिल्ह्याच्या ठिकाणी घ्याव्यात असे ठरले, आणि आम्ही अडलो ते इथेच.

तालुक्याच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचून हात जोडले. हे औषध तो ठेवतच नव्हता. जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या रुग्णालयात गोळ्या मिळतात असे कळले, तिथल्या खिडकीवर पहिल्या दिवशी मला नवा केस पेपर काढायला लावला. केस पेपर घेऊन परतलो तेव्हा बायोप्सीचा मूळ अहवाल मागितला. अहवाल घेऊन गेलो तेव्हा सही करणारे डॉक्टर त्या वारी बसत नाहीत असे समजले. हे सारे एकाच वेळी सांगता आले असते, पण प्रत्येक वेळी एकच कागद सांगितला जात होता. शेवटी सगळे कागद जुळले, तेव्हा खिडकीतला माणूस म्हणाला, “पेशंट कुठी आहे? त्याले आना, मंग देतो.” दादाला अंथरुणावरून उठवायला दोघे लागत होते आणि त्याला मानसुद्धा धरवत नव्हती. अशा माणसाला वेदना कमी करण्याच्या गोळ्यांसाठी खड्ड्यांच्या रस्त्याने गाडीत घालून आणायचे, ही मागणी मला तेव्हाही अमानुष वाटली आणि आजही वाटते. तसा नियम दाखवा असे मी म्हटले, तर नियम कोणी दाखवला नाही.

या औषधाविषयी सरकारी यंत्रणेत अजूनही जी भीती आहे, तिचे मूळ १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. त्या कायद्यामुळे अनेक रुग्णालयांनी परवान्यांच्या धाकाने मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले होते. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिनसह काही औषधे अत्यावश्यक ठरवली गेली, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ती वेगवेगळ्या परवान्यांशिवाय ठेवता येतील अशी सोय झाली. कायदा बदलला, पण खिडकीवरची वागणूक बदलली नाही. नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला, तर फोनवरून ते डेक्सामेथासोनची मात्रा बदलून देऊ शकत होते, मॉर्फिन मात्र लिहून देऊ शकत नव्हते, कारण २०२० च्या दूरवैद्यक (टेलिमेडिसिन) नियमांत या औषधांना मनाई आहे. त्यामुळे ही चिठ्ठी प्रत्यक्ष कागदावरच हवी.

सुटका झाली ती नागपूरच्या डॉक्टरांच्या अर्ध्या पानाच्या एका पत्राने. त्यात आजाराचे नाव, मात्रा, रुग्ण अंथरुणाला खिळला असल्याचा उल्लेख आणि औषध न्यायला येणाऱ्या नातेवाइकाचे नाव, म्हणजे माझे, लिहिलेले होते. ते पाहताच वैद्यकीय अधिकाऱ्यांनी काही न विचारता सही केली. हे पत्र मोठ्या रुग्णालयातून निघतानाच मागून घ्यावे, आणि सोबत रुग्णाचे व स्वतःचे आधार कार्ड, बायोप्सी अहवालाच्या प्रती, डिस्चार्ज कार्ड व गोळ्यांची रिकामी पाकिटे ठेवावीत. गोळ्या संपायची वाट पाहू नये. आठवडाभराच्या उरल्या की निघावे.

मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून द्यावेच लागते, कारण बद्धकोष्ठता ठरलेली असते. गोळी घड्याळाप्रमाणे द्यावी, दुखू लागण्याची वाट पाहू नये. सवय लागेल या भीतीने आमच्या मावशी गोळी चुकवायला सांगत. वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीत घेतलेल्या औषधाने माणूस सहसा व्यसनी होत नाही, हे त्यांना डॉक्टरांच्या तोंडूनच ऐकवावे लागले.

डेक्सामेथासोन सकाळी द्यावे, संध्याकाळी दिल्यास झोप उडते. त्याने साखर वाढते म्हणून ती तपासत राहावी, आणि ते कधीही एकदम बंद करू नये. झटका आल्यास कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये. आमच्याकडे चप्पल किंवा कांदा हुंगवण्यासाठी शेजारी धावत येतात, त्यांना आधीच समजावून ठेवावे. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर काय करायचे, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. आम्हाला त्यासाठी मिडाझोलामचा नाकातील फवारा दिला होता. गिळणे अवघड झाले की पाण्यासारखे पातळ पदार्थ जास्त ठसकतात. दाटसर आंबील दादाला बरी जाई. गोळ्या गिळता येईनाशा झाल्या तर झटक्यांचे औषध कसे द्यायचे, हाही प्रश्न आधीच विचारावा.

दादा वहिनीवर अकारण संतापत असे. हा राग मेंदूच्या पुढच्या भागातील गाठीचा आहे, हे डॉक्टरांनी तिला बसवून सांगितले तेव्हा ती सावरली. माझ्या मते हे बोलणे औषधाइतकेच महत्त्वाचे होते, आणि ते फार आधी व्हायला हवे होते.

दादाचे शेवटचे आठवडे घरी गेले आणि त्यांत तो कण्हत नव्हता, याचे समाधान मला आहे. उरलेल्या गोळ्या मी त्याच खिडकीवर परत केल्या आणि पोच घेतली. असा साठा घरात ठेवू नये. मॉर्फिनसाठी लागणाऱ्या कागदांची यादी आणि डॉक्टरांचे बसण्याचे वार तिथे मराठीत लावावेत, असा लेखी अर्जही मी त्याच दिवशी दिला. यादी अजून लागलेली नाही. मी विचारणा करत आहे.