मान खाली घातली की गोल होतो

क्रिकेट कव्हर करणाऱ्यांना एक खोड लागते. दोन चेंडूंच्या मधे, ओव्हर संपली की, ड्रिंक्स आले की आम्ही मान खाली घालून खरडत असतो. मे २०२४ मध्ये आइस हॉकीच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेसाठी प्रागला गेले आणि ही खोड पहिल्याच आठवड्यात अंगाशी आली.

कॅनडा विरुद्ध ऑस्ट्रिया. वीस-वीस मिनिटांच्या तीन पीरियडपैकी दोन झाले, कॅनडा ६-१ ने पुढे. आता यात काय उरलंय, म्हणून मध्यंतरातच बातमी टाइप केली. ‘कॅनडाकडून ऑस्ट्रियाचा धुव्वा.’ डेस्कला पाठवली आणि कॉफी आणायला गेले. परतले तर ६-२. मग ६-३. बघता बघता ६-६! ओव्हरटाइम सुरू होतो न होतो तोच जॉन टव्हारेसने गोल केला आणि कॅनडाची लाज राखली. मी फोनवर, “अहो, ती बातमी काढा.” पलीकडून शांत आवाज, “ताई, कधीच चढली ती. शेअरपण होतेय.”

त्याच आठवड्यात ऑस्ट्रियाने फिनलंडला ३-२ ने हरवलं. विजयी गोल झाला तेव्हा सामन्याचं एक अख्खं सेकंदही उरलं नव्हतं. तोवर मी शहाणी झाले होते, लॅपटॉप मिटलेलाच ठेवला होता.

तर जाणाऱ्यांसाठी पहिली गोष्ट बसायच्या जागेची. एका सामन्याला मी हौसेने तिसऱ्या रांगेचं तिकीट काढलं. काच हाताच्या अंतरावर, धडका अंगावर आल्यासारख्या, सगळं खरं. पण मैदानाभोवतीच्या, आपल्याच बाजूच्या फळीला चिकटून पक गेला की दिसेनासाच होतो. समोरच्यांच्या माना बघत बसायचं. पक म्हणजे कडक रबराची चकती, जेमतेम साडेसात सेंटीमीटरची. वरच्या मजल्यावर, मैदानाच्या लांब बाजूला बसा. तिथून पाच खेळाडूंची हालचाल कळते. आणि डोळ्यांनी पकच्या मागे धावू नका. खेळाडू चाळीस-पंचेचाळीस सेकंद जीव तोडून स्केटिंग करतात आणि बदलून बाकावर येतात. दमलेल्या संघाने आपल्या अर्ध्यातून पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार भिरकावला तर त्याला आयसिंग म्हणतात, आणि त्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. तेच दमलेले पाचजण, पुन्हा स्वतःच्याच गोलसमोर. अशा वेळी कॉफीला उठायचं नाही. हे मला शेजारच्या एका म्हाताऱ्या चेक पत्रकाराने हातवाऱ्यांनी समजावलं. आमची समाईक भाषा तेवढीच होती.

हॉलमध्ये मे महिन्यातही गारठा असतो. स्वेटर न्या, मोठी बॅग नेऊ नका.

भारतातून प्रागला थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलला बदलावं लागतं. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट आधी बघा, तिकिटं मग. पत्रकारांच्या मान्यतापत्राचा अर्ज काही महिने आधी लागतो, मुक्त पत्रकारांनी संपादकांचं पत्र हाताशी ठेवावं. विमानतळावरून ५९ नंबरची ट्रॉलीबस, मग मेट्रोची ए लाइन, म्यूस्टेकला बदलून बी लाइनने चेस्कोमोराव्स्का. स्टेशनातून वर आलात की सामन्यांचा हॉल, ओटू अरेना, समोरच. कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात घालून शिक्का मारायला विसरू नका, नुसतं जवळ असून चालत नाही. शाकाहारींनी ‘स्माझेनी सीर’ मागावं, म्हणजे तळलेलं चीज. दोन दिवस मजा येते, तिसऱ्या दिवशी भाकरी आठवते.

स्पर्धेतल्या दुसऱ्या गटाचे सामने ओस्त्रावा शहरात होते, प्रागहून रेल्वेने तीन-साडेतीन तास. स्लोव्हाकियाची सीमा जवळ, त्यामुळे त्यांच्या सामन्यांना डबेच्या डबे त्यांच्या जर्सीने भरलेले. रात्रीचा सामना ८.२० ला सुरू होतो, संपेपर्यंत पावणेअकरा. त्याच रात्री परतायचा हट्ट धरू नका. आपल्याकडे तेव्हा साडेतीन तास पुढे, म्हणजे सुरुवातच ११.५० ला. छापील पानासाठी लिहिणाऱ्यांनी ४.२० चे सामने धरावेत.

आणखी एक, संघयादी पाठ करून जाऊ नका. अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या व्यावसायिक लीगचे प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, याच दिवसांत चालू असतात. तिकडे हरलेले खेळाडू विमान पकडून इकडे येतात. तिथला बोस्टनचा संघ बाहेर पडला आणि दाविद पास्तर्न्याक व पावेल झाखा चेक संघात दाखल झाले. उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेविरुद्धचा एकमेव गोल झाखाचाच.

२६ मेची अंतिम फेरी, चेकिया विरुद्ध स्वित्झर्लंड. यजमानांना २०१० नंतर सुवर्ण नव्हतं. ‘जो उडी मारणार नाही तो चेक नाही’ असं ओरडत अख्खा हॉल उड्या मारतो, पायाखालचं काँक्रीट थरथरतं. प्रेस बॉक्समध्ये मात्र टाळीसुद्धा वाजवायची नाही असा रिवाज. दोन पीरियड ०-०. जाणकार सहकारी आजूबाजूला दोन-दोन मथळे तयार करून बसलेले. माझी वही पिशवीत. तिसऱ्या पीरियडच्या मध्याला पास्तर्न्याकचा फटका जाळ्यात गेला. शेजारचा म्हातारा रिवाज विसरला आणि त्याने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की नंतर टाइप करताना दुखत होतं. शेवटी स्विसांनी जादा खेळाडूसाठी गोलकीपर बाहेर काढला आणि दाविद केंफने रिकाम्या गोलात दुसरा घातला, २-०.

बातमी अर्थातच उशिरा गेली. डेस्ककडून एकच मेसेज आला : “नक्की २-० ना?”